ड्यूक: सर्किट बोर्डाच्या मापाचा कंट्रोलर

व्हिडिओ गेम खेळताना हातात धरायचा कंट्रोलर हाताला बसतो की नाही, हे केवळ त्याच्या रुंदीवरून ठरत नाही. दोन्ही तळहातांनी त्याच्या मुठी धरल्यावर उजवा अंगठा सर्वांत दूरच्या बटणापर्यंत सहज पोहोचतो का आणि त्याच वेळी तर्जनी मागच्या ट्रिगरवर टिकून राहते का, हे पाहावे लागते. कारण बोटे आखूड असतील, तर एकेका बटणासाठी पकडच बदलावी लागते आणि खेळात तेवढा अवधी मिळत नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स हे व्हिडिओ गेमचे यंत्र अमेरिकेत विक्रीस आणले, तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या कंट्रोलरला पुढे ‘ड्यूक’ हे नाव पडले. तो अवाढव्य होता, आणि त्याचे कारण कोणाच्या हाताच्या मापात नव्हते. बाह्य आकार घडवण्याचे काम डेनिस चौधरी यांच्याकडे आले, तेव्हा आतला सर्किट बोर्ड ठरून गेला होता, आणि तो मोठा होता. पाय न पाहता आधी साचा पाडावा आणि मग त्यावर जोडा शिवावा, तसा हा प्रकार झाला. काळे आणि पांढरे ही दोन बटणे तर मुख्य चार बटणांच्याही वर होती. तिथवर जाताना लहान हाताचा अंगठा पुरता ताणला जाई.

फेब्रुवारी २००२ मध्ये जपानमध्ये हे यंत्र आले, ते मात्र वेगळ्या, लहान कंट्रोलरसह. ‘अकेबोनो’, म्हणजे पहाट, या सांकेतिक नावाने घडवलेल्या त्या कंट्रोलरमध्ये नुसते माप कमी केलेले नव्हते, तर काळे-पांढरे बटणही अंगठ्याच्या नैसर्गिक वळणावर, खाली आणले होते. मागणी अशी आली की, ‘कंट्रोलर एस’ या नावाने त्याच वर्षी तो अमेरिकेतही गेला आणि ड्यूक मागे पडला.

२०२० च्या एक्सबॉक्स कंट्रोलरसाठी साधारण आठ वर्षांच्या मुलाचा हात डोळ्यांपुढे ठेवला गेला. मुठींचा घडीव आकार बदलला, ट्रिगरभोवतीच्या कडा गोलसर झाल्या. मात्र मोठ्या हातांची सोय मोडू दिली नाही. आमच्या मते नुसते माप घटवण्यापेक्षा हे काम अधिक अवघड आहे.

तरीही ड्यूक संपला नाही. लांब बोटांच्या कित्येकांना तोच आवडत होता. २०१८ मध्ये हायपरकिन या कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. जुन्या सर्किट बोर्डाची सक्ती तेव्हा उरली नव्हती, पण अंगाने कंट्रोलर तसाच थोराड ठेवला गेला.