रात्री तीनची जाग

नमस्कार, श्रोतेहो. सुट्टीत लेकीकडे परदेशी गेले, तर तिनं पहिल्याच संध्याकाळी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलेलं. आणि मी? हातात घास तसाच धरून पेंगत होते. नातवानं कोपरानं ढोसलं तेव्हा दचकून जागी झाले. पुढं रात्री तीनला टक्क जाग. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर ऐकत बसले.

हिशेब सोपा होता. मी पश्चिमेला आठ तास मागं गेले होते. त्यांचे संध्याकाळचे सात, ते माझे पहाटेचे तीन. त्यांचे रात्रीचे तीन, तेव्हा माझे सकाळचे अकरा!

मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा पुंजका असतो. हे आपल्या शरीराचं घड्याळ. नव्या वेळेकडं ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं. शिवाय त्याचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा, म्हणून उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. पूर्वेचा प्रवास जास्त छळतो तो यामुळंच.

त्याला सरकवतो तो मुख्यतः उजेड. पण "उतरलात की सकाळी उन्हात फिरा" हा सल्ला सरसकट देऊ नये. पूर्वेला आठ तास पुढं गेलात तर तिथल्या सकाळी आठला तुमच्या शरीरात मध्यरात्र असते. तेव्हाचा उजेड घड्याळ पुढं नेण्याऐवजी मागं ढकलतो. पहिल्या दिवशी सकाळी घरात किंवा गॉगल लावून राहा, दुपारी एकनंतर बाहेर पडा आणि मग रोज तासभर लवकर बाहेर पडत जा. पश्चिमेला गेलात तर संध्याकाळचा उजेड घ्या. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दुपारनंतर कॉफी नको. पाच-एक तासांनीही निम्मी अंगात असते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र निघण्याआधीच डॉक्टरांकडून डोसच्या नव्या वेळा लिहून घ्याव्यात, हे अंदाजानं करायचं काम नाही.

पुढच्या खेपेला लेकीनं जेवण दुपारी ठेवलं. मी शेवटपर्यंत जागी. नातूच टेबलावर डोकं टेकून झोपला. पहाटे तीनपासून माझ्याबरोबर पत्ते खेळत होता ना!