डबी तीच, चिप वेगळी: स्वस्त यूएसबी व्हिडिओ कॅप्चरचा ड्रायव्हर कसा बसवावा

नमस्कार. माझ्या हातातली ही काळी डबी मी लॅमिंग्टन रोडवरून काही शे रुपयांना आणली. हिच्या एका टोकाला यूएसबी आहे आणि दुसऱ्या टोकाला व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिना लागतात. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवायची होती. डबीसोबत आलेल्या छोट्या सीडीतला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, मी तीन वेळा बसवला, तरी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधले, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीतले, पिवळे उद्गारचिन्ह काही जाईना. ती सीडी या डबीची नव्हतीच.

ईझीकॅप या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या अशा डब्यांमध्ये किमान चार वेगवेगळ्या चिप सापडतात आणि ड्रायव्हर डबीच्या नावावर नव्हे, तर आतल्या चिपवर ठरतो. म्हणून काहीही डाउनलोड करण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उद्गारचिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीआयडीपुढे (उत्पादकाचा क्रमांक) ०५ई१ आणि पीआयडीपुढे (उत्पादनाचा क्रमांक) ०४०८ असेल, तर आत सिन्टेकची एसटीके ११६० चिप आहे. १बी७१ आणि ३००२ असेल, तर यूटीव्ही ००७. माझ्या डबीत ही दुसरी निघाली आणि सीडीवर ड्रायव्हर पहिलीचा होता. लिनक्स वापरणाऱ्यांना या दोन्ही चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच, मिळतात.

चौसष्ट बिटच्या विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सही, म्हणजे तो कोणाचा आहे आणि त्यात फेरफार झालेला नाही याची खूण, लागते. ही तपासणी बंद करण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर स्टार्टअप सेटिंग्जमध्ये तो सातव्या क्रमांकावर असतो. मात्र ती सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकते आणि ड्रायव्हर थेट यंत्रणेच्या गाभ्यात शिरत असल्याने अनोळखी ठिकाणची फाइल अशी बसवणे मला धोक्याचे वाटते. चिप नेमकी ओळखून तिचा सही असलेला ड्रायव्हर शोधण्यात गेलेला तास वाया जात नाही.

आता डबी हबमध्ये न लावता थेट संगणकात लावा, कारण कच्चे चित्र सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट इतके असते. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओचे मानक पाल-बी निवडा, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी. आपल्याकडच्या कॅसेटी याच पद्धतीच्या आहेत. एनटीएससी हे अमेरिकेतले मानक राहिले, तर चित्र रंगहीन होते किंवा वरखाली सरकत राहते.

माझ्या पडद्यावर दादरच्या कार्यालयाचा मांडव दिसला, आईची हिरवी साडी दिसली, पण आवाज नव्हता. विंडोजमध्ये या डबीचा आवाज वेगळ्या ऑडिओ उपकरणाच्या रूपाने येतो आणि तो ओबीएसमध्ये स्वतंत्रपणे जोडावा लागतो. तो जोडल्यावर मंगलाष्टके ऐकू आली.