कलम शहात्तर, उपकलम पाच

नमस्कार श्रोतेहो. नेपाळमध्ये पंतप्रधान बदलला की बातमीत दोन गोष्टी हमखास सांगतात: कोण गेलं आणि कोण आलं. नवा माणूस संविधानाच्या कोणत्या उपकलमाखाली आला, हे मात्र गाळतात. खरी बातमी बऱ्याचदा त्या आकड्यातच असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने राजेशाही संपवली. नवं संविधान लागू झालं २० सप्टेंबर २०१५ रोजी. राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख, कारभार पंतप्रधानांचा. सात प्रदेश आणि ७५३ स्थानिक संस्था. प्रतिनिधी सभेत, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, २७५ जागा: १६५ थेट मतदारसंघातून, ११० पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात. म्हणून मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका, एक उमेदवाराची, एक पक्षाची. शिक्का स्वस्तिकाचा, आणि तो दोन चिन्हांवर उमटला की मत बाद. (मतदान करा म्हणून सगळेच कानीकपाळी ओरडतात, शिक्का कसा मारायचा ते शिकवायला कुणाला वेळ नसतो. असो.)

या प्रमाणाच्या जागांमुळे एका पक्षाला बहुमत मिळणं अवघड. मग पंतप्रधान नेमायचा कसा? त्याचं उत्तर कलम ७६ मध्ये आहे आणि त्याच्या चार पायऱ्या आहेत. नीट ऐका, कारण पुढची गंमत यांच्यावरच उभी आहे. उपकलम एक: बहुमतवाल्या पक्षाचा नेता. तसा पक्ष नसेल तर उपकलम दोन: दोन किंवा अधिक पक्ष मिळून बहुमत दाखवतील तो सभासद. तेही जमलं नाही तर तीन: सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता. दोन आणि तीनवाल्याने तीस दिवसांत सभागृहाचा विश्वास मिळवायचा. तो नाही मिळाला तर पाच: विश्वास मिळवू शकेन असा आधार दाखवणारा कुणीही सभासद. मधलं चार म्हणजे ती तीस दिवसांची अट, ती पायरी नव्हे. पायऱ्या एक, दोन, तीन आणि पाच. पाचवरही घसरगुंडी झाली तरच सभागृह विसर्जित आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक.

आता २०२१ सालचा प्रसंग. पंतप्रधान होते के. पी. शर्मा ओली, नेकपा एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी सभागृह विसर्जित करायला लावलं होतं आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभं केलं होतं. १० मे रोजी ओलींनी विश्वास मागितला. बाजूने ९३, विरोधात १२४. सरकार पडलं. दुसऱ्या पायरीवर कुणीच आलं नाही, म्हणून तिसऱ्या पायरीने पुन्हा ओलीच पंतप्रधान झाले! आता तीस दिवसांत विश्वास मिळवणं भाग होतं. पण आपल्याला तो मिळायचा नाही, असं म्हणत त्यांनी आठवड्याभरातच पाचवी पायरी उघडायची शिफारस केली. राष्ट्रपती विद्यादेवी भंडारींनी दावे मागवले, मुदत २१ मे, संध्याकाळी पाच.

दावे दोन आले. ओलींचा १५३ सभासदांचा, नेपाळी काँग्रेसच्या शेरबहादुर देउवांचा १४९ चा. बेरीज करा, श्रोतेहो: ३०२. सभागृह किती जणांचं? २७५!

हे झालं कसं? ओलींनी पक्ष मोजले. एमालेचे सगळे १२१ आणि जनता समाजवादी पक्षाचे सगळे ३२, सह्या फक्त नेत्यांच्या. देउवांनी माणसं मोजली, एकेका सभासदाची सही घेऊन. त्यात एमालेतला माधवकुमार नेपाळ यांचा नाराज गट होता, जनता समाजवादी पक्षातला उपेंद्र यादवांचा गटही होता. म्हणजे तीच डोकी दोन्ही यादीत. राष्ट्रपतींनी दोन्ही दावे अपुरे ठरवले आणि त्याच मध्यरात्री सभागृह विसर्जित झालं. अशा वेळी सभासदांना समोर बोलावून मोजावं, यादीवरून मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. लग्नाच्या पंगतीसुद्धा यादीवरून कुणी मोजत नाही.

१४६ सभासद थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ जुलैला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला: सभागृह पुन्हा जिवंत, आणि देउवांना २८ तासांत पंतप्रधान नेमा. निकालातला कळीचा मुद्दा पुन्हा सांगतो. पाचव्या पायरीवर पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, चालत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवर पक्ष मोजायचे, पाचवीवर माणूस मोजायचा. ‘कुणीही सभासद’ म्हटल्यावर त्याला पाठिंबा देणाऱ्याला पक्षाच्या दावणीला बांधता येत नाही.

१३ जुलैच्या संध्याकाळी शीतल निवासात, म्हणजे राष्ट्रपती भवनात, शपथविधीची तयारी झाली. देउवा पाचव्यांदा पंतप्रधान होणार. आणि ते अडून बसले! नेमणुकीच्या कागदावर ‘सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार’ एवढंच होतं, कलमाचा आकडाच नव्हता. ७६ (५) लिहा, मगच शपथ घेतो. हा नुसता मानापमान नव्हता. आकडा नसता, तर पाचव्या पायरीचा आणि व्हिपमुक्तीचा आधार त्या कागदावर कुठेच दिसला नसता. आणि देउवांची सगळी भिस्त तर परपक्षातल्या सह्यांवर. ठरलेली वेळ टळून गेली, कागद दुरुस्त झाला, आणि मग शपथ झाली.

पाच दिवसांनी, १८ जुलैला देउवांवरच्या विश्वासाचं मतदान झालं. २४९ जणांनी मत दिलं: १६५ बाजूने, ८३ विरोधात, एक तटस्थ. बाजूच्या मतांत ओलींच्या पक्षातलीही मतं होती.

अविश्वास ठरावाबद्दल दोन वाक्यं, कारण तो विषय मोठा आणि वेळ संपत आलाय. कलम १०० प्रमाणे पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, आणि आणताना पर्यायी पंतप्रधानाचं नाव त्यातच द्यावं लागतं. पण मित्रपक्षाने पाठिंबा काढला की तीस दिवसांत पंतप्रधानालाच विश्वास मागावा लागतो, त्यामुळे दोन वर्षांचं कुंपण कागदावरच राहतं. पुष्पकमल दाहाल ‘प्रचंड’ यांनी पंतप्रधान म्हणून दीड वर्षात पाचदा विश्वास मागितला. पहिल्यांदा २६८ मतं पडली, शेवटच्या वेळी, जुलै २०२४ मध्ये, ६३.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर, प्रचंडांनंतर पुन्हा पंतप्रधान झालेले ओली पायउतार झाले, तेव्हा तर ही शिडीच बाजूला ठेवली गेली. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की सभासदच नव्हत्या, म्हणजे ७६ च्या एकाही पायरीवर त्या बसत नव्हत्या. त्यांची नेमणूक कलम ६१ चा आधार घेऊन झाली. ते कलम राष्ट्रपतींच्या कर्तव्याचं आहे; पंतप्रधान कसा नेमायचा, याबद्दल त्यात एक ओळही नाही.