दहा फुटांचं परस

नमस्कार मंडळी. बाहेर इतका पाऊस लागलाय, तरी आलात, फार बरं वाटलं.

मी गोरेगावात राहते. आमच्या बिल्डिंगच्या मागे, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची एक पट्टी आहे. माझ्या सासूबाई कोकणातल्या. त्या तिला परस म्हणायच्या, आणि घरात तोच शब्द राहिला. तिथे मुद्दाम कोणी काही लावलेलं नाही. वटवाघळांनी टाकलेल्या फळातून देशी बदामाचं एक रोप आलंय, भिंतीच्या फटीत पिंपळ, खाली टाकळा आणि अळू. माझा म्हणाल तर खिडकीखाली तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या बदामावर शिंप्याची जोडी आली. शिंपी चिमणीहून लहान असतो. हिरवट पाठ, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी. आवाज मात्र असा की सगळं आवार डोक्यावर घेतो. मी रोज सकाळी चहा घेऊन वीस मिनिटं खिडकीशी उभी राहायचे. मादी पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडायची. मग कोळ्याच्या जाळ्याचा तंतू, नाहीतर कापसाचा धागा त्यातून ओढून घ्यायची. धाग्याचं टोक पलीकडे फुलारतं, म्हणून टाका निसटत नाही. भोकं इतकी बारीक की पान सुकत नाही, हिरवंच राहतं, आणि हाताच्या अंतरावर उभं राहिलं तरी आत घरटं आहे हे कळत नाही. कापूस कुठला, तर वरच्या मजल्यावर उन्हाला टाकलेल्या गादीचा! ती गादी खिडकीत दिसली की मला आजही आनंद होतो.

या निमित्ताने पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली आठवतात. खेतवाडीत वाढलेला हा मुंबईकर. १९३० च्या सुमारास त्यांची म्युझियममधली नोकरी पैशांअभावी बंद झाली, आणि ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून तेच बघत राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तिथे संसार मांडते, आणि मग नर शेजारीच दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी नीट टिपलं. सुगरण म्हणतो आपण, पण विणकर नर आहे. लांब जंगलात न जाता, एकाच जागी टिकून बघितल्यामुळे हे हाती आलं. माझं सांगणं एवढंच आहे: जागा बदलू नका, वेळ बदलू नका.

गेल्या वर्षी सोसायटीत या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. निम्म्या भागात बसलेसुद्धा. तिथला टाकळा गेला, आणि टाकळ्यावर येणारी पिवळी फुलपाखरंही गेली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. उरलेली निम्मी पट्टी तरी तशीच राहू द्या, म्हणून मी घरोघरी जाऊन हात जोडले. ती राहिली.

आता कढीपत्त्याचं सांगते. पानं कुरतडलेली दिसली की आपण औषध मारतो. जरा थांबा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं जे दिसतं ना, ते बहुतेक वेळा फुलपाखराचं सुरवंट असतं. मोठं झालं की हिरवंगार होतं, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढतं, उग्र वास सोडतं. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेली राणी पाकोळी, याच कुळातली. तिची सुरवंटं लिंबाच्या पानांवर वाढतात.

सध्या माझ्या डब्यात दोन कोश आहेत, कमरेला रेशमाचा पट्टा बांधून फांदीला टेकलेले. त्यातला एक आज दुपारपासून काळपट दिसतोय, आतल्या पंखांची नक्षी वरून दिसू लागलीय. उद्या सकाळी फुटेल असं वाटतं. ज्यांना बघायचंय त्यांनी सहाला या, चहा ठेवते.