न जाणवणारं ऊन

सगळ्यांनी एक हात पुढे करा. आधी पंजाची मागची बाजू नीट बघा. आता बाही वर सारून दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची. कातडी दोन्हीकडे तुमचीच, वयही तेवढंच. पण आतली मऊ आणि एकसारख्या रंगाची आहे, पंजावरची राठ आहे, तिच्यावर बारीक रेघा आहेत, कुठे कुठे तपकिरी ठिपके आहेत. साठी ओलांडलेल्यांना हा फरक चटकन दिसेल. यातला मोठा वाटा वयाचा नाही, उन्हाचा आहे.

मी त्वचेची डॉक्टर आहे. हे सांगितलं की समोरची बाई म्हणते, "पण मी उन्हात जातेच कुठे?" ती खोटं बोलत नसते. तिच्या मनात ऊन म्हणजे चटका. आपली भाषाही तसंच शिकवते. ऊन पडलं म्हणजे उजेड, ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. त्वचा बिघडवणारा किरण मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला गरम लागत नाही. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि सिल्व्हर क्लोराइड कुठे लवकर काळं पडतं ते तपासलं. ते सगळ्यात लवकर काळवंडलं जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तेच हे अतिनील किरण.

म्हणून गार वारा सुटलाय, मळभ आहे, या भरवशावर राहू नका. ढग पातळ असतील तर ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. डोंगरावर दर हजार मीटरला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. थंडीने कुडकुडत असतानाही चेहरा भाजतो तो यामुळेच.

आपल्यापर्यंत पोहोचणारे अतिनील किरण दोन तऱ्हांचे. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात अडकतात आणि पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. डीएनएच्या धाग्यावर शेजारी शेजारी असलेले दोन दुवे एकमेकांना चिकटतात. पेशी तेवढा तुकडा कापून काढते आणि नवा बसवते. हे रफूकाम अखंड चालू असतं, मला त्याचं अजून आश्चर्य वाटतं. झेरोडर्मा पिगमेंटोजम नावाच्या आजारात ते जन्मतःच नीट होत नाही, आणि अशा मुलांना दहा वर्षांच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. आपलं रफू चालू असतं, पण अधूनमधून एखादा टाका सुटतो. सुटलेले टाके वर्षानुवर्षं साठत जातात.

यूव्हीए त्याहून खोल जातात आणि त्वचेला ताण देणारं कोलॅजन खिळखिळं करतात. आणि साध्या खिडकीची काच यूव्हीबी बहुतेक अडवते, यूव्हीएला मात्र बऱ्यापैकी वाट देते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवला होता, खिडकी डाव्या हाताला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी. डाव्या गालाची कातडी जाड, लोंबलेली, खोल वळ्या पडलेली. मधोमध कागद धरला तर दोन वेगळी माणसं वाटावीत. गाडीत बसलेल्या माणसाला आपण उन्हात आहोत असं वाटतच नाही.

"माझी कातडी रापलेली आहे, तिला ऊन सरावलंय," असंही पुष्कळजण सांगतात. मला हे अजिबात मान्य नाही. रापणं म्हणजे डीएनएला मार बसल्यावर त्वचेने घाईने केलेली तटबंदी, आणि तीही फार तर एसपीएफ ३-४ एवढीच. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन किती आडोसा देतं ते सांगणारा आकडा. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की उन्हातून आत आल्यावरही काही तास डीएनएवरचे घाव वाढत राहतात, आणि त्यात त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनचाच हात असतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेला जन्मतः जास्त संरक्षण असतं, कर्करोगाचा धोका कमी असतो, हे खरं. पण वांग, मुरमांनंतर राहणारे काळे डाग हे त्रास याच त्वचेला जास्त छळतात. वांगाच्या बाबतीत तर दिसणारा उजेडही डाग गडद करतो. त्याला साधं सनस्क्रीन पुरत नाही, आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन लागतं.

आता सनस्क्रीनकडे वळू. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावलेलं असतं. प्रत्यक्षात माणसं त्याच्या निम्मं, कित्येकदा पाव भागच लावतात. मग ५० चा आकडा बाटलीवरच राहतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून बुडापर्यंत एकेक रेघ काढा. तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. पहिल्यांदा फार वाटेल, लावा तरीही. पूर्ण लावलं तर एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. त्यामुळे मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा दर दोन तासांनी, आणि घाम आला किंवा पोहलात तर लगेच, पुन्हा लावणं महत्त्वाचं. यूव्हीएसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं बघून घ्या. कान, मानेची मागची बाजू, ओठ आणि पंजे यांना हटकून विसरलं जातं.

याचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेहून अधिक लोकांवर अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल हा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्वचा म्हातारी होण्याचा वेगही मंदावला.

तरी माझा पहिला भरवसा कापडावर आहे. ते पुसलं जात नाही, पुन्हा लावावं लागत नाही. कपडा उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड चांगलं. पांढरा सुती शर्ट ओला झाला की त्याचा आडोसा आणखी कमी होतो. टोपी चारी बाजूंनी काठ असलेली घ्या, नुसत्या पुढच्या झापेने कान उघडे राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारख्या काही गोळ्यांनी त्वचा लवकर भाजते, त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. वेळेचा अंदाज सावलीवरून येतो. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर आडोसा शोधा.

एक चिठ्ठी आली आहे: "एवढं झाकून घेतलं तर ड जीवनसत्त्वाचं काय? मी रोज सकाळी बंद खिडकीशी तासभर बसते, ते पुरतं का?" बरं झालं विचारलंत. ड जीवनसत्त्व यूव्हीबीने तयार होतं, आणि काच अडवते तेही यूव्हीबीच. त्या तासात तुम्हाला ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही, मिळतं ते यूव्हीए, त्या ट्रकचालकाच्या गालाला मिळत होतं तेच. रक्त तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी घ्या. आणि खुर्ची खिडकीपासून जरा आत ओढा.