एका बसच्या मागणीतून

मित्रहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन कौंटीच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनाही हे कळत होतं. जमीनमालक गोरा, उधार देणारा दुकानदार गोरा, न्यायाधीशही गोराच. तरी १९४७ साली लेव्हाय पीअरसन नावाच्या शेतकऱ्याने दाद मागितली. मागणी एवढीच, की आमच्या मुलांना शाळेची बस द्या. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच वेगळ्या. गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या, यांच्यासाठी एकही नाही. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली होती. ती सारखी बंद पडायची. पीअरसन यांचा दावा तांत्रिक कारणावरून निकालात निघाला. त्यांची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर होती; मुलांची शाळा एका विभागात आणि ते कर भरत दुसऱ्या विभागात!

या भेदाला कायद्याचा आधार होता १८९६चा. ‘वेगळं, पण समान’ असेल तर चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांबद्दल म्हटलं होतं. चार्ल्स ह्यूस्टन या वकिलाने १९३०च्या दशकात त्यालाच हात घातला, पण सुरुवात लहान मुलांच्या शाळांपासून केली नाही. आधी विद्यापीठांची लॉ कॉलेजं घेतली. मला यात त्यांची खरी बुद्धी दिसते. चांगलं लॉ कॉलेज माणसाला काय देतं, हे न्यायाधीशांना समजावून सांगावं लागत नाही. ते स्वतः तिथूनच आलेले असतात. टेक्सासने हीमन स्वेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी वेगळं कॉलेज काढलं, तेव्हा १९५०मध्ये न्यायालयाने केवळ पुस्तकं मोजली नाहीत. प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, ज्यांच्याशी वाद घालत शिकायचं ते सहाध्यायी, हे वेगळ्या इमारतीत कुठून आणणार? स्वेट यांच्या बाजूचा हा निकाल जूनमध्ये लागला. ह्यूस्टन एप्रिलमध्येच गेले होते. काम त्यांचे शिष्य थर्गूड मार्शल यांच्या हाती आलं.

इकडे क्लॅरेंडनमध्ये जोसेफ डिलेन या पाद्री-शिक्षकाने १९४९ साली शाळांबद्दलच्या अर्जावर पालकांच्या सह्या गोळा केल्या. एका गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. सही करणं म्हणजे काय, ते लगेच दिसलं. हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करायचे, त्यांची नोकरी गेली. त्यांची बायको एलायझा मोटेलमध्ये कामाला होती, तिचीही गेली. डिलेन यांचं घर जाळलं गेलं. अर्जात तेव्हा मागितल्या होत्या समान सोयी. त्यातूनच ब्रिग्ज यांच्या नावाने खटला उभा राहिला. तिथले संघीय न्यायाधीश वेअरिंग यांनी मार्शलना सुचवलं, की सरळ विभक्त शाळांनाच आव्हान द्या. १९५१ साली चार्ल्स्टनला तिघा न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि दोन विरुद्ध एक मतांनी पालक हरले. तो एक म्हणजे वेअरिंग. वेगळं ठेवणं हीच विषमता, असं त्यांनी लिहिलं.

याच खटल्यासाठी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी तिथल्या सोळा कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या होत्या. अकरा मुलांनी ‘वाईट’ म्हणून तपकिरी बाहुली दाखवली. त्या मुलांना पुढे नवी इमारत, नवी बस मिळाली असती, तरी हे उत्तर बदललं असतं का? मार्शल यांच्या युक्तिवादाचं सगळं बळ या प्रश्नात आहे.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने विभक्त सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पाच खटले एकत्र ऐकले गेले, ब्रिग्ज यांचा त्यातलाच एक; इतिहासात नाव राहिलं कॅन्ससच्या ब्राऊन या पालकांचं. माझ्या मते ब्रिग्ज यांचंही नाव तितक्याच आदराने घ्यायला हवं. पण अंमलबजावणी कधी करायची? १९५५च्या आदेशात न्यायालयाने तारीखच दिली नाही, आणि ज्यांना टाळायचं होतं त्यांना तेवढंच हवं होतं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड कौंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळा बंदच ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, बाकीच्या कित्येक मुलांची पाच वर्षं वाया गेली.

डिलेन यांचं चर्च १९५५ साली जाळलं गेलं. त्यांच्या घरावर रात्री गोळ्या झाडल्या, त्यांनीही उलट गोळी चालवली. वॉरंट निघालं ते डिलेन यांच्याच नावाने. ते राज्य सोडून न्यूयॉर्कला गेले. १९७४ साली त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्यावरचा तो आरोप मागे घेतला गेला २००० साली.