नव्या गुडघ्याचे दुखणे आणि मोबाइल

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेनंतर घरी परतणाऱ्या रुग्णाला हल्ली औषधांच्या पिशवीबरोबर मोबाइलवर एक ॲपही मिळते. गोळीच्या वेळेची आठवण करणे, व्यायामाची चित्रफीत दाखवणे आणि ० ते १० या पट्टीवर वेदनेची नोंद घेणे, ही त्याची मुख्य कामे.

माझ्या थोरल्या मावशीचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा मोबाइल असे नातवाच्या हातात. "आजी, दुखतंय का गं?" असे तो दारातूनच विचारी, मावशी "चालायचंच रे" म्हणे, आणि नातू २ चा आकडा दाबून मोकळा होई. फिजिओथेरपिस्ट बाईंना रोज २ दिसत होते, गुडघा मात्र ९० अंशांपर्यंतही वाकत नव्हता. शेवटी त्या घरी आल्या, तर मावशी पदराचे टोक दातांत धरून व्यायाम करत होती. त्यांनी मोबाइल मावशीच्याच हाती दिला आणि व्यायामाच्या वेळचा आकडा स्वतः नोंदवायला सांगितला. सकाळी ४ आले, संध्याकाळी ७. दुसऱ्या दिवशीही तेच. मग उलगडा झाला, की सकाळचा व्यायाम न्याहारीनंतरच्या गोळीपाठोपाठ होत होता आणि संध्याकाळचा मात्र दुपारच्या गोळीचा अंमल ओसरल्यावर. डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. दुपारची गोळी संध्याकाळच्या व्यायामाआधी अर्ध्या तासावर आणली, आणि गुडघा वाकू लागला.

म्हणून सांगते, बटण कोणीही दाबावे, आकडा मात्र ज्याचा गुडघा त्याच्याच तोंडून यावा, आणि त्यासोबत वेळ व त्या वेळी आपण काय करत होतो, हेही लिहावे.

सत्तरीच्या मराठी रुग्णाची विचारपूस इंग्रजीत करणाऱ्या ॲपपेक्षा साधी वही बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळ्यांची मात्रा ॲपच्या भरवशावर बदलू नये. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा ताप चढला, तर ॲपवर उत्तराची वाट पाहू नका, थेट रुग्णालयाला फोन करा; आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ १०८ ला.